कॅमेऱ्यामागचं हसणं

कात्री एडिटिंगला बसली होती. तिनं हेडफोन कानांवर घट्ट दाबला, आवाजाची पट्टी रुंद करून घेतली आणि आपलं हसणं नेमकं कुठं सुरू होतं ते शोधू लागली. पडद्यावर म्हातारा अंगणात नाचत होता. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात खराटा. कॅमेऱ्यामागून येणारं खळखळतं हसणं ऐकून त्याला आणखीच चेव चढत होता. हसणं त्याच्या गाण्यात असं काही मिसळलं होतं, की एक उपटायला जावं तर दुसऱ्याचं मूळ हलत होतं.

"निघतंय का?" मागून थोरलीनं विचारलं.

"निघेल. पण बाबांचा श्वासही जाईल त्याच्याबरोबर."

"जाऊ दे. तिथं वारा टाकू आपण."

थोरली म्हणजे म्हाताऱ्याची मोठी लेक. घरात तिला तेच म्हणत आणि कात्रीच्या तोंडीही तेच बसलं होतं. फिल्म तिची होती. ज्यांची भाषा शाळेत बोलली तर छडी बसायची अशा डोंगरातल्या तिच्या माणसांची, आणि बाईवर जीव जडलेल्या त्यांच्याच एका मुलीची, म्हणजे तिची स्वतःची. एडिटिंग कात्रीकडे. हे नाव तिला धंद्यातल्यांनी ठेवलेलं. कुणाचाही लाडका शॉट ती पापणी न लववता उडवायची. दोघी एकाच घरात राहायच्या. भांडण झालं तर एकाच पांघरुणाची दोन टोकं ओढत झोपायच्या. शूटिंगच्या वेळी कात्री माइकची काठी खांद्यावर टाकून थोरलीमागून डोंगर चढली होती. त्यामुळे फिल्मभर तीच सांडलेली होती. नदीकाठी थोरलीचे केस विंचरणारा हात, दारात पडलेली सावली, आणि जागोजागी ते हसणं.

आता ते सगळं वेचून काढायचं होतं.

"महोत्सवाला बाबा येणार आहेत," थोरलीनं सांगितलं होतं. "माझं निवेदन त्यांना कळायचं नाही. बाजारापुरती शहराची भाषा येते त्यांना, बस. पण डोळे तर आहेत ना? तू माझे केस विंचरताना दिसलीस की संपलं. फिल्मला दिलेली गाणी परत मागतील. गाण्यांशिवाय ही फिल्म म्हणजे नुसता सांगाडा."

"मग मी त्यांच्या लेखी कोण होते इतके दिवस?"

"मैत्रीण. काठी धरायला आलेली."

कात्रीला ते लागलं. पण तिच्या स्वतःच्या आईनं याच पायी तिचं नाव टाकलं होतं. शेजारणीला आई आपल्याला एकच मुलगी असल्याचं सांगायची, धाकटी. दुधानं तोंड पोळलेल्या माणसाला दुसऱ्याचं ताक फुंकणं लगेच पटतं. तिनं वाद घातला नाही. केस विंचरणारा हात गेला आणि तिथं नुसतं पाणी वाहू लागलं. सावली गेली. शेवटी हसणं गेलं. काम इतकं बेमालूम झालं की इथं कधी कुणी दुसरं होतं असं देवालाही वाटलं नसतं. थोरलीनं मागून तिच्या गळ्यात हात टाकले.

"हे फक्त तूच करू शकतेस," ती म्हणाली.

हॉल लहानसाच होता. डोंगरातल्या, जंगलातल्या, किनाऱ्यावरच्या मूळनिवासी माणसांपैकी जे असं चौकटीबाहेरचं प्रेम करतात, त्यांच्या फिल्म्सचा महोत्सव. आलेले सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते. म्हातारा कडक इस्त्रीचा शर्ट घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून बसला होता. "त्यांच्याजवळ बस, सांभाळ जरा," असं सांगून थोरली पुढच्या रांगेत गेली. कात्रीला पाहून म्हातारा नुसताच मान हलवून पुन्हा समोर बघू लागला. डोंगरावर हाच माणूस तिला लांबून हाका मारायचा. प्रवासानं शिणले असतील, असं तिनं मनाशी म्हटलं.

नाच आला तेव्हा हॉलमध्ये कुणी हसलं नाही. ओसाड अंगण, भणाण वारा, आणि वाऱ्यावर खराटा घेऊन नाचणारा एक म्हातारा. मागच्या रांगेत कुणीतरी नाक शिंकरलं. म्हातारा पुढं झुकून स्वतःकडे बघत राहिला, जसं बसमध्ये एखाद्या वेडसर माणसाकडे आपण बघतो. कात्रीनं खुर्चीचा हात घट्ट धरला.

दिवे लागले. थोरली मंचावर गेली.

"या वाटेवर मी एकटी होते," ती म्हणाली. तिचा आवाज सुंदर लागला होता. "माझ्या बापानं मला माझ्या प्रेमासकट उंबऱ्याबाहेर काढलं. आत्ता पाहिलात तो नाच माझ्याकडे पाठ फिरवलेल्या माणसाचा आहे. जिच्यावर मी जीव टाकला, तिला माझ्या माणसांच्या मातीत पाय मळवायचे नव्हते. उरले मी आणि माझा कॅमेरा. आज बाबा इथं आलेत. आयुष्यात पहिल्यांदा मला बघायला."

सगळा हॉल मागं वळला. एवढे लोक आपल्याकडे बघताहेत म्हटल्यावर म्हातारा गडबडीनं उठला आणि त्यानं हसून सगळ्यांना हात जोडले. लोक उभे राहिले. टाळ्या थांबेनात. काहीजण डोळे पुसत होते.

कात्री बसूनच राहिली. मग हॉल रिकामा होऊ लागला. थोरलीभोवती दारापाशी घोळका जमला.

"पोरी, एक विचारू?" म्हातारा त्याच्या बाजारापुरत्या शहरी भाषेत म्हणाला. "राग मानू नकोस."

"विचारा ना, बाबा."

"आमची एवढी लाज वाटली तुला?"

कात्रीला प्रश्नच कळला नाही.

"थोरली म्हणाली, तूच स्वतःला फिल्ममधून काढलंस. आमच्या अंगणात दिसायचं नाही म्हणे तुला. तुझी मर्जी, मी कोण सांगणारा? पण त्या नाचात तू हवी होतीस गं. मी एकटाच खुळ्यासारखा दिसतोय."

"बाबा, तुम्हाला... आमचं माहीत होतं?"

"मी काय आंधळा आहे? तुम्ही डोंगर चढायच्या आधीच थोरलीनं सांगितलं होतं. या वयात खराटा घेऊन उगाच नाचतं का कुणी? घरात माणूस आलं म्हणून नाचलो." त्यानं मंचाकडे बोट केलं. "ती वर काय म्हणाली? सगळे माझ्याकडे का बघत होते?"

घोळक्यातून थोरलीनं मान उंचावली. कात्रीशी नजरानजर होताच ती प्रसन्न हसली आणि हातानंच खूण केली: आलेच.

तुमचं गाणं लोकांना आवडलं, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. कुठलं वाक्य ठेवायचं, कुठलं उडवायचं, यातच तिची हयात गेली होती. कात्रीनं सांगायला सुरुवात केली. सगळं सांगितलं, शब्दन् शब्द. "उंबऱ्याबाहेर काढलं" हे त्याला नीट कळलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं. तेव्हा त्याचीच गाणी कापता कापता शिकलेल्या त्याच्या भाषेतला शब्द तिनं शोधून काढला आणि तो सावकाश उच्चारला. शब्द अगदी नेमका होता. तो कानावर पडताच म्हाताऱ्याचे हात आपोआप एकमेकांत गुंतले. थोड्या वेळापूर्वी याच हातांनी आपण हॉलला नमस्कार केला, हेही तेव्हाच त्याच्या ध्यानात आलं असावं; त्यानं ते मांडीखाली घेतले.

आता हा उठेल, कात्रीला वाटलं. चारचौघांत लेकीला जाब विचारेल. तिनं वाट पाहिली, आणि आपण वाट पाहतोय याची तिला लाज वाटली नाही.

थोरली लगबगीनं आली. चेहरा फुललेला, कपाळावर घाम.

"काय मग बाबा? कशी वाटली?"

म्हाताऱ्यानं वर बघितलं.

"घसा सुकला असेल तुझा," तो म्हणाला. "एवढं बोललीस. बस जरा, पाणी पी." मग कात्रीकडे न वळताच त्यानं तिच्या खुर्चीवर हलकेच थाप मारली. "तू तिकडं हो, पोरी. लेकीला बसू दे."

कात्री उठली आणि पलीकडच्या खुर्चीवर जाऊन बसली.