आजोबांसाठी बुक्क्याची डबी

या गं, या रे, जवळ सरकून बसा. एका आईची गोष्ट सांगते.

न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनला शिकणारा वरुण अपघातात गेला. त्याचे दिवस तिथंच उरकून त्याचे आई-बाबा, विभावरी-रवींद्र, पुण्याला परत निघाले होते. घरी आजोबांचं हृदय नाजूक, त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. नातू काय पाठवतो, म्हणून ते वाट बघत होते.

निघण्याआधी तिथल्या रविवारच्या बाजारात विभावरीनं रिमू नावाच्या तिकडच्या झाडाच्या लाकडाची डबी उचलली, आजोबांच्या बुक्क्यासाठी.

“नाव कोरून देऊ?” कारागिरानं विचारलं.

“आपलं घाल, विभा,” रवींद्र पुटपुटला. “किती लपवणार?”

“अहो, एका माणसापुरता तरी जगू दे त्याला!”

तिनं ‘वरुणकडून’ असं कोरायला सांगितलं आणि शेवटचं अक्षर होईपर्यंत तिथंच बसून राहिली.

बाबांनो, आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा वरुणला आठवा.