टोमॅटो, कांदा आणि पाणगवत

मी एक जुनी काचेची पेटी आहे, मित्रांनो. मासे ठेवतात ती. दोन फूट लांब, एक फूट रुंद, आणि डाव्या कोपऱ्यात सिलिकॉनचं जाडसर ठिगळ. ठिगळ असलं तरी आज माझ्यातून थेंबभर पाणी गळत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म मंचरच्या एका काचेच्या दुकानातला. कारागिराने पाच काचा कापल्या, कडा घासल्या, चिकटवल्या आणि दोन दिवस पाणी भरून मला पारखलं. तिथून मी कळंबला, हायवेवरच्या एका हॉटेलात, गल्ल्याशेजारी जाऊन बसले. काय माझा थाट सांगू! निळा दिवा, रंगीत खडे आणि प्लॅस्टिकची हिरवीगार झाडं. मिसळ खायला थांबलेली मुलं माझ्या काचेला नाक लावून उभी राहायची. मी फुगून जायची.

पण त्या थाटात मासे टिकत नसत. मासा खातो, घाण टाकतो, ती पाण्यातच विरते आणि हळूहळू तिचं विष होतं. प्लॅस्टिकच्या झाडांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. मासा मेला की मालक दुसरा आणायचा. मग माझा कोपरा गळायला लागला आणि माझी रवानगी मागच्या खोलीत झाली. पुढची दोन वर्षं माझ्यात बटाटे होते. बटाट्यांशी माझं वैर नाही, पण पाण्याची फार आठवण यायची.

पिंपरी पेंढारचे गेणभाऊ त्या हॉटेलला टोमॅटो पुरवायचे. एकदा क्रेट ठेवताना त्यांची नजर माझ्यावर पडली.

"ही पेटी देता का, राव? नातीला व्हईल."

"न्या की भाऊ. पण गळती ती."

गेणभाऊंनी ठिगळ लावलं आणि मी त्यांच्या घरी आले. तिसरीतल्या आरोहीने माझ्यात दोन मासे सोडले. शेंदऱ्याचं नाव तिने टोमॅटो ठेवलं आणि पांढऱ्याचं कांदा. आजोबांच्या शेतात जे पिकतं, त्याचीच ही नावं. शाळेतून आली की दप्तर पाठीवर तसंच ठेवून ती आधी माझ्याकडे धावायची.

आठवड्यात पाणी गढुळलं. मासे वर येऊन तोंड उघडमीट करू लागले. आरोहीची आई आरती नारायणगावला माती-पाणी तपासणीच्या लॅबमध्ये कामाला जाते. तिने माझं थोडं पाणी बाटलीत घेतलं आणि त्यात तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले. पाणी हिरवं झालं.

"आबा, पाणी चांगलं असतं तर पिवळं राहायला पायजे व्हतं," ती सासऱ्यांना म्हणाली. "पाण्यात माशांच्या घाणीचा अमोनिया झालाय. यात जिवंत झाड लावू."

आबा म्हणजे गेणभाऊ. ते कॅनॉलवर गेले आणि मूठभर पाणगवत घेऊन आले. "जन्मभर हे पाण्याच्या मोटारीच्या जाळीतून वरबाडून फेकलंय मी," ते हसत म्हणाले. आरतीने ते बादलीत धुतलं आणि माझ्या खड्यांत रोवलं. मित्रांनो, माझ्यात पहिल्यांदाच काहीतरी मूळ धरत होतं! काही दिवसांनी थेंब टाकले, तर बाटलीतलं पाणी पिवळं. माशांचं विष ते गवत गुपचूप जेवत होतं. पानांवर, खड्यांवर डोळ्यांना न दिसणारे जिवाणू वसले होते, तेही हातभार लावत होते. मी इतकी पारदर्शक, तरी माझ्या पोटात चाललेलं हे काम मलाच दिसलं नव्हतं.

सगळं छान चाललं होतं. पण एक दिवस आबांना गवताची दोन पानं पिवळी दिसली. पिवळं पान बघून शेतकऱ्याचा हात कुठला थांबतो! ठिबकमधून टोमॅटोला सोडतात ते एकोणीस-एकोणीस खत त्यांनी चमचाभर आणलं आणि माझ्यात ढवळलं. "पिकाला उपाशी ठेवायचं व्हय?" असं वर पुटपुटले. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

आरोही शाळेतून आली तेव्हा कांदा आडवा पडला होता. टोमॅटो वर येऊन धापा टाकत होता. आरतीच्या बाटलीतलं पाणी काळपट हिरवं झालं.

"कोणी काय टाकलं यात?" आरोही रडत ओरडली.

"म्या टाकलं, बाळा. खत टाकलं," आबा खाली मान घालून म्हणाले.

"आबा, मासा रोज खत टाकतोच की," आरती हळूच म्हणाली. "तेच या झाडाचं जेवण."

आबा तडक उठले. त्यांनी माझं बरंचसं पाणी काढून विहिरीचं भरलं, मोटारसायकल काढली आणि कॅनॉलवरून पोतंभर पाणगवत आणलं. मग आबा आणि आरतीने मला उचलून उजेडाला, पडवीत ठेवलं. कांद्याला आरोहीने कढीपत्त्याखाली पुरलं. आजोबांशी ती एक शब्द बोलली नाही. दोन दिवस पाणी थोडं थोडं बदलत आबा माझ्याजवळ बसून होते. टोमॅटो तळाशी पडून होता.

तिसऱ्या सकाळी ऊन माझ्या काचेतून आत आलं आणि मी थक्क झाले. पानापानावर चांदीचे बारीक बुडबुडे! एकामागून एक सुटून ते माळेसारखे वर जात होते. त्या माळांमधून टोमॅटो सरळ पोहत आला आणि त्याने आरोहीने टाकलेला दाणा गिळला.

"आबा, हे काय आहे?" आरोहीच्या तोंडून निघून गेलं. तीन दिवसांत आजोबांशी बोललेला तिचा पहिला शब्द होता तो.

आबाही वाकून बघू लागले. आरती म्हणाली, "उजेडात झाड प्राणवायू सोडतं. टोमॅटो तोच घेतोय."

आबांनी खरबरीत हात माझ्या काचेवर ठेवला. "पन्नास वर्सं शेती केली. माझ्या समद्या वावरात हे रोज चालतंय व्हय? अन मला कधी दिसलं न्हाई!" त्यांचे डोळे भरून आले. आरोही त्यांना चिकटून उभी राहिली.

मित्रांनो, माझ्यासारखी पेटी तुमच्या घरी असेल तर तिच्यात जिवंत झाड लावा, त्याला उजेड द्या आणि सडलेलं पान लगेच काढा. पाणी थोडं थोडं बदला. खाणं चिमूटभरच घाला. माया करताना हात जरा आखडता ठेवा. माझ्या काचेवर आता एक चिठ्ठी चिकटवलेली आहे: "इथे खत टाकू नये. मासा टाकतो." अक्षर आरोहीचं आहे. मजकूर आबांनी सांगितला.