घोटभर चहा

साक्रीजवळच्या कुटुंबनियोजनाच्या शिबिरात ऑक्सिजनचं सिलिंडर रिकामं होतं. मी ते आमच्या विभागप्रमुखांना सांगितलं. मी इंटर्न, ते सर्जन. "चालू दे," ते म्हणाले, आणि एकतिसाव्या बाईचा, लिलाबाईचा, श्वास टेबलावरच थांबला.

सरांनी सांगितलं आणि मी केसपेपरवर लिहिलं: 'मनाई असताना पेशंटने चहा घेतला. उलटी श्वासनलिकेत गेली.' उलटी झालीच नव्हती. गावालाही तेच सांगितलं.

धुळ्याला मेडिकल कॉलेजात परत आल्यावर झोप लागेना. डीनना खरं काय ते लिहून दिलं. आठवड्यात अर्ज परत आला, वर शेरा: 'विभागप्रमुखांमार्फत सादर करावा.' अरे, तक्रार ज्याच्याविरुद्ध, त्याच्याच सहीने ती पुढे जायची! तरी गेलो. सरांनी अर्ज वाचला आणि ड्रॉवरमध्ये टाकला.

"केसपेपरवर अक्षर तुझंच आहे. आणि इंटर्नशिपच्या दाखल्यावर सही माझी लागते, ठाऊक आहे ना?"

माझा दाखला मिळाला त्याच दिवशी लिलाबाईची आई, भिकुबाई, लेकीच्या मृत्यूचा दाखला न्यायला आमच्या विभागात आली. मला पाहून थांबली.

"डॉक्टर, मन्ही पोर मीच मारी. आदला दिन सांजले मीच तिले घोटभर चहा पाजा."

आदल्या संध्याकाळचा चहा! त्याने कोणी मरत नाही, एवढंच सांगायचं होतं. सर आत बसले होते. माझा दाखला माझ्या खिशात होता.

"अक्का," मी म्हणालो, "पुढच्या वेळी असं करू नका."