आधी आंघोळ, मग चौकशी

मी ग्लुकोमीटर बोलतोय. घरात मला ‘शुगरचं मशीन’ म्हणतात आणि रागावले की ‘खोटारडं’. बोटावरचा रक्ताचा थेंब चाखायचा आणि साखरेचा आकडा सांगायचा, एवढंच माझं काम. पदरचं मी काही घालत नाही.

माझे मालक म्हणजे आजोबा. रोज सकाळी उपाशीपोटी ते नातीला संत्रं सोलून देत, बियासुद्धा काढून, आणि लगेच बोट टोचून माझ्यापुढे करत. आकडा तीनशेच्या घरात! डॉक्टरांनी औषध वाढवलं. आठवड्याभरात आजोबा चक्कर येऊन पडले. दवाखान्यात साखर निघाली पन्नास. सूनबाईंनी सगळं खापर माझ्यावर फोडलं आणि मला कंपनीत परत धाडलं.

कंपनीतल्या तक्रार विभागात एक बुजुर्ग साहेब होते. त्यांची शिस्त कडक. आल्या आल्या त्यांनी मला स्पिरिटने आंघोळ घातली, आत साठलेले जुने आकडे पुसले, मग तपासणीसाठीच्या ठरावीक साखरेच्या पाण्याचा थेंब बाटलीतून पाजला. मी बरोबर उत्तर दिलं. ‘दोष आढळला नाही’ असा शिक्का मारून त्यांनी मला घरी पाठवलं. चोरी झालेल्या घरात आधी केर काढायचा आणि मग चोर शोधायचा, असला हा कारभार!

घरी पुन्हा संत्रं, पुन्हा तीनशे. कंपनीचा शिक्का पाहून डॉक्टरांनी आकडा खरा मानला. म्हणाले, “सोमवारपासून इन्शुलिनचं इंजेक्शन सुरू करू.” माझी तर पाचावर धारण बसली. आजोबांची साखर मुळात वाढलेलीच नव्हती, इंजेक्शनने ते उठलेच नसते. सूनबाईंनी वैतागून मला पुन्हा कंपनीत पाठवलं.

साहेबांनी स्पिरिटची बाटली उघडली, तोच नव्या तपासनीस बाई ओरडल्या, “थांबा! पुसू नका!”

“अहो, पद्धत आहे आपली.”

“पद्धत राहू द्या. दुसऱ्यांदा आलंय हे. आधी बघू तरी.”

हातमोजे घालून त्यांनी मला निरखलं. बटणावर चिकट पिवळा डाग होता. जुने आकडे पाहिले, तर सकाळी तीनशे आणि रात्री कधीमधी घेतलेले एकशे दहा. त्यांनी थेट सूनबाईंना फोन लावला.

“सकाळी तपासायच्या आधी आजोबा काय करतात?”

“काही नाही हो. नातीला संत्रं सोलून देतात.”

“मग हात धुतात?”

मागून आजोबांचा आवाज आला, “शर्टाला पुसतो की!”

संत्र्याचा रस बोटाला, बोटाचा थेंब मला, आणि रसाची साखर आजोबांच्या नावावर! साहेबांनी कपाळावर हात मारला. बाईंनी डॉक्टरांना कळवलं आणि इंजेक्शन रद्द झालं. आता त्या विभागात आधी बघतात, आकडे उतरवतात, घरी फोन करतात आणि मगच पुसतात. साहेब अजून थोडे घुश्शात आहेत.

मी घरी आलो. आजोबांनी साबणाने हात धुतले, बोट टोचलं. एकशे बारा! ते मला म्हणाले, “चुकलं रे माझं. तू खरं तेच बोलत होतास.” मला फार भरून आलं.

वाचकहो, माझ्यासारखं कुणी परत आलं, तर आधी त्याच्या माणसाची चौकशी करा. माझं मागणं तेवढंच. आणि आजोबांचं ते सुरकुतलेलं बोट रोज सकाळी माझ्यापुढे येत राहो.