लेकीच्या गावी फायनल

कळसाडीचे लोटननाना कुणावर म्हणून विश्वास ठेवत नसत. बैल घ्यायला गेले की बैलाचे दात बघत, आणि विकणाऱ्याकडेही असं बघत की त्याला वाटावं, आता माझंही तोंड उघडायला लावतात! बायको रुक्मिणीबाई म्हणायची, “ह्यांना सरळ चाललेल्या मुंगीतसुद्धा डाव दिसतो.” पण या माणसाला कबड्डीचं वेड भारी. तालुक्याच्या गावी नवं कॉलेज निघालं तेव्हापासून त्याच्या संघाचा एकही सामना नानांनी चुकवला नव्हता. कापूस वेचणीला माणसं लागलेली असोत की ऊस तोडायला आलेला असो, नाना छकडा जुंपून हजर. घरातलं कुणी त्या कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. तरी कॉलेज हरलं की नानांना घास गिळवत नसे.

आणि हरायचं तर दरवर्षीच. प्रकाशा गावाला तापीच्या पात्रात वाळूवर सामने भरत, आणि जिंकणाऱ्याची ढाल प्रकाशाची तालीम घेऊन जाई. कॉलेजला ती कधी हातात धरायला मिळाली नाही.

एकसष्ट-बासष्टचं साल असेल. कॉलेजच्या क्रीडा समितीनं भिकन पैलवानाला काढलं. भिकन म्हणजे नानांचा जिवाभावाचा माणूस, संघाला शिकवणारा. त्याच्या जागी आणला कोण, तर निझरकडचा कुणी उखा मास्तर. सडसडीत अंगाचा, बोलायला कंजूष. ना त्याला कुणी खेळताना पाहिलेलं, ना त्याच्या गोताची कुणाला माहिती.

“दोधूशेठना कोन लागस हाऊ?” नानांनी ओट्यावर बसून पहिल्याच दिवशी विचारलं. दोधूशेठ म्हणजे समितीचे अध्यक्ष. मैदानाला जागा दिली म्हणून अध्यक्ष झालेले. जन्मात कधी मांडीला माती लागली नाही, आणि कबड्डीचे निकाल हे लावणार! उंटावरून शेळ्या हाकायच्या, दुसरं काय.

“कोनी लागत नही म्हनतस,” शेजारचा दगा म्हणाला.

“मंग भिकन काय मरी गया व्हता का? कोठेतरी पानी मुरी ऱ्हायनं, दगा. तू दखजो.”

झालं. नानांनी एकदा म्हटलं की ते गावभर व्हायला संध्याकाळसुद्धा लागत नसे. उखा मास्तर दोधूशेठचा लांबचा मेहुणा आहे, असं कुणी म्हणे. कुणी म्हणे, निझरला त्याला तालमीतून हाकललं होतं. मास्तरच्या कानावर हे जातच असेल, पण त्यानं कधी तोंड उघडलं नाही. गप्प माणूस नानांना सगळ्यात जास्त खुपे. बोलणाऱ्याचं पोट तरी कळतं!

एवढं होऊनही त्या वर्षी संघ जिंकत सुटला. तोरणमाळकडचा गोवाल म्हणून एक पोरगा होता, चढाईला गेला की वाऱ्यासारखा, पकडीला उभा राहिला की खुंटा. मास्तरनं त्याला असा काही घडवला की बघतच राहावं. नाना टाळ्या वाजवत, आणि घरी येताना म्हणत, “बघा हां, हा शेवटी दगाफटका करणार.”

माघ सरत असताना फायनल आली. कॉलेज विरुद्ध प्रकाशा. दोधूशेठनी चारचौघांत सांगून टाकलं होतं की ढाल आली तर मास्तर कायम, नाही तर भिकन परत. म्हणजे नानांची पंचाईतच की! ढाल तर हवी, आणि भिकनही हवा.

प्रकाशाच्या लोकांनी पाहुणचार मोठा केला. देवळाखाली चहा, शेव, जिलबी. नानांनी दोन्ही हातांनी खाल्लं. शत्रूची जिलबी असली म्हणून काय कडू लागते? खाता खाता त्यांचं लक्ष मास्तरकडे. मास्तरनं चहा घेतला नाही. पाण्याचा तांब्या पुढे आला, हात जोडून परत केला. सुपारीसुद्धा नको म्हणाला. मग एकटाच वाळू तुडवत पार नदीच्या धारेपर्यंत गेला, गुडघ्यावर बसला, हातानं वाळू उकरून झिरा केला आणि त्यातलं पाणी ओंजळीनं प्यायला.

नानांच्या हातातली जिलबी तशीच राहिली.

गावात मानानं तांब्या पुढे येतो आणि हा वाळू उकरून पाणी पितो? तापीकाठच्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. ज्या गावात लेक दिली त्या गावचं पाणी बाप पीत नाही. नानांची स्वतःची रंजना पलीकडच्या काठाला दिलेली. तिच्या गावी गेले की नानाही उपाशीतापाशी परत येत.

“पोर दिन्ही शे त्यानी आठे!” नाना दगाच्या कानात फुसफुसले. “आते समजनं माले.”

त्यांना सगळं लख्ख दिसलं. लेकीचा बाप म्हणजे खालचा. जावयाच्या गावात तो मान वर करत नाही, वाद घालत नाही. मागच्या साली व्याह्यानं बैलांच्या जोडीवरून चार शब्द सुनावले तेव्हा नाना स्वतः पागोटं सावरत गप्प बसले होते. का? तर पोर त्यांच्या घरात आहे. मग हा मास्तर प्रकाशाला हरवेल? छे! याला जिंकायचंच नाही.

सामना सुरू झाला आणि नानांना पुरावा मागायची गरजच उरली नाही. प्रकाशाचा एक उंच गडी चढाईमागून चढाई करत होता, आणि कॉलेजची पोरं नुसती मागे सरकत होती. गोवाल कोपऱ्यात उभा, पण पकडीला हात घालत नव्हता. चढाईलाही मास्तर त्याला पाठवत नव्हता. मध्यंतराला कॉलेज बरंच मागे पडलं. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, “वा रे मास्तरना जवाई!” तो उंच गडीच मास्तरचा जावई निघाला.

नाना तडक दोधूशेठपुढे जाऊन उभे राहिले. “शेठ, मास्तरची पोर या गावात दिलीय. समोर जावई खेळतोय. गोवालला हात का घालू देत नाही, विचारा की!”

दोधूशेठनी मास्तरला बोलावलं. भोवती माणसं जमली.

“तुमची मुलगी इथे दिलीय? खरं आहे?”

“खरं आहे,” मास्तर म्हणाला. “पण शेठ, दुसऱ्या डावात...”

“आधी का नाही सांगितलंत?”

“खेळाशी त्याचा काय संबंध?”

“संबंध काय विचारता? आम्ही काय दूधखुळे आहोत?” गर्दी भडकली. दोधूशेठनाही तेच हवं होतं, हार झाली तर दोष ठेवायला एक डोकं. त्यांनी तिथल्या तिथे मास्तरला बाजूला केलं आणि सामना बघायला आलेल्या भिकनला संघापाशी धाडलं. मास्तरनं एकदा गोवालकडे बघितलं, खांद्यावरचा पंचा सारखा केला आणि नदीकडे चालू लागला. नानांची छाती अशी फुगली की सदऱ्याची गुंडी तुटते की काय!

भिकननं पहिली चढाई गोवालला दिली. गोवाल म्हणाला, “पैलवान, मास्तरनी मला पकडीला थांबायला सांगितलंय.” भिकन गरजला, “मास्तर गया! तू जा!” गोवाल गेला. ताजातवाना अख्खा प्रकाशा त्याच्यावर पडला. गोवाल बाद. पुढे तो जावई मोकाट सुटला, त्याला अडवणारं कुणी उरलंच नाही. ढाल प्रकाशातच राहिली.

“नाना, तुम्ही ओळखलं बरं का,” लोक पाठ थोपटत होते. “तुमच्या नजरेला मानलं!”

नानांना हार झोंबत होती आणि शाबासकी गोड लागत होती. आता मास्तर व्याह्याच्या गळ्यात गळा घालून हसत असेल, ते एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून ते नदीकडे निघाले. काठावरच्या लव्हाळ्याआड पोचले आणि थबकले.

झिऱ्यापाशी मास्तर बसला होता. समोर डोक्यावर पदर घेतलेली एक तरुण पोरगी. रडत होती.

“बा, आजच्या दिवशी तरी जिंकायचं होतं हो! सासू उठता बसता म्हणते, तुझा बाप पोरांना उड्या मारायला शिकवतो, त्याला कोण विचारतं. ह्यांची तर रोजची टिंगल. म्हटलं, आज बाप ह्यांना वाळूत लोळवेल, मग बघते कोण हसतं ते. देवळात नारळ बोलून ठेवला होता मी.”

“मीना, ढाल तुझ्या पदरात टाकायची म्हणून तर आलो होतो,” मास्तर म्हणाला. “जावयाचा खेळ मला पाठ आहे. पहिल्या डावात तो नाचतो, दुसऱ्यात दमतो आणि डावा पाय आत टाकतो. म्हणून गोवालला राखून ठेवलं होतं. या गावचा पाण्याचा थेंब घेतला नाही मी. मिंधा नसलेल्या माणसानं कुणाला का भ्यावं?”

नानांच्या पायाखालची वाळू सरकली. आपण व्याह्यापुढे मान घालतो म्हणून जगातला प्रत्येक बाप घालतो, एवढंच त्यांना ठाऊक होतं. लाज वाटली. अशी लाज की पळून जावं. तेवढ्यात मीनाची नजर त्यांच्यावर गेली तशी ती पदर ओढून लगबगीनं काठ चढून गेली.

मास्तरनं वळून पाहिलं. ओळखलंच त्यानं. तरी शिवी नाही, जाब नाही. “ऊन फार आहे,” म्हणाला आणि झिऱ्याकडे हात केला. “प्या. नदी कुणाच्या गावची नसते.”

नाना गुडघ्यावर बसले. ओंजळ भरली. गार पाणी ते शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

संध्याकाळी छकडे परतीला लागले. दोधूशेठ नानांच्याच छकड्यात, शेजारी भिकन, मागे दगा. शेठ खुशीत म्हणाले, “उद्यापासून भिकन कायम. मास्तरला निझरचा रस्ता दाखवू. काय लोटननाना?”

नानांनी कासरा ओढला. बैल थांबले.

“शेठ, मास्तर खरा माणूस शे. तो आपले जिकाडनार व्हता. चूक मन्ही शे. त्याले काढू नका.”

 भिकननं दगाकडे बघितलं, दगानं शेठकडे. नानांना ती नजर चांगली ओळखीची होती. आयुष्यभर त्यांनीच ती वापरली होती.

“सामना संपल्यावर नदीवर गेला होतात ना नाना?” शेठ हळूच म्हणाले. “मास्तरपाशी?”

“गयथू.”

दगा पुढे वाकला. “खरं सांग नाना. काय पाजं तुले त्यानी?”

“पानी,” नाना म्हणाले.

सगळे खो खो हसले.