बोलेल म्हणाला होतात

औषध कंपनीत त्याला सगळे पोपट म्हणत. बोलणाऱ्याची मातीसुद्धा विकली जाते. हा तर खोकल्याचं औषध विकत होता. दवाखान्याबाहेर ताटकळत बसायचं, आत गेल्यावर डॉक्टरला हसवायचं आणि काम साधून निघायचं, यात त्याची उमेदीची वर्षं गेली.

मग त्याचा भाचा गेला. पोर जन्मापासून बोलत नव्हतं. पोटात आतडं पिळलं गेलं होतं, पण कुठे दुखतंय हे त्याला दाखवता आलं नाही. मामा उशाशी बसून गोष्टी सांगत राहिला आणि पोर मुठी आवळून भिंतीकडे बघत राहिलं.

वर्ष सरायच्या आत त्याने नोकरी सोडली आणि विशेष मुलांना शिकवण्याच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं. त्याच्याबरोबर शिकणारी तरुण पोरं त्याला काका म्हणत.

बायको म्हणाली, "अहो, या वयात कसली पाटी-पेन्सिल?" पण मग तिनेच त्याचा डबा भरून दिला.

शिकून झाल्यावर शाळा मिळाली. पिवळट भिंतींचा लांब वर्ग, खिडकीला जाळी, कोपऱ्यात चिडलेल्या मुलाला शांत बसता यावं म्हणून टाकलेली गादी. पहिल्याच आठवड्यात एका रंगाऱ्याने आपली लेक आणून सोडली. सात वर्षांची, मूठभर जिवाची. घरात तिला मुंगी म्हणत. बोलत नव्हती. तहान लागली की डोकं भिंतीवर आपटायची.

रंगाऱ्याच्या नखांत चुना होता. त्याने हळूच विचारलं, "सर, बोलेल ना ही?"

"बोलेल की! न बोलून सांगते कुणाला? बघा तुम्ही, एक दिवस बाबा म्हणून हाक मारेल."

जिभेला हाड नसतं. रंगाऱ्याचा चेहरा असा उजळला की शब्द मागे घ्यायचा त्याला धीर झाला नाही. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकेने, ते दारातून ऐकलं होतं.

"इथे असं बोलू नका," त्या म्हणाल्या. "आपलं बोलून होतं. घरची माणसं त्यावर जगतात."

त्याने मुंगीला चित्रं दिली. पाण्याच्या पेल्याचं चित्र तिने त्याच्या हातात ठेवलं की पाणी मिळणार. महिनोन्‌महिने ती ते चित्र चावायची, फेकायची, एकदा त्याच्या मनगटाचा लचका तोडला. आणि एका दुपारी तिने आपणहून ते चित्र उचललं, त्याच्या मांडीवर ठेवलं आणि वाट बघत उभी राहिली. त्याने पेला काठोकाठ भरून तिच्या हातात दिला.

त्याने चित्रांचा एक संच रंगाऱ्याला घरी दिला. रंगाऱ्याने तो उलटसुलट करून पाहिला.

"हे कशाला? बोलायची आहे ना ती?"

"आधी मागायला शिकू दे. बोलणं..." वाक्य अर्धवट सोडून त्याने संच रंगाऱ्याच्या पिशवीत सरकवला.

पुढचे काही दिवस मुंगीचे ओठ फुटलेले दिसायला लागले. वर्गात ती पेल्याच्या चित्राला हात लावीना, गादीवर बसून स्वतःचाच दंड चावायची. मग तिचं येणंच थांबलं. तो तिच्या घरी गेला.

रंगाऱ्याची बायको दारात रडत होती. "चित्रं यांनी माळ्यावर टाकली, सर. म्हणाले, आयतं मिळालं तर तोंड कशाला उघडेल? पाणी म्हण, मग देतो. ती चित्र शोधत घरभर फिरायची. शेवटी मीच चोरून पाजलं."

आत मुंगी भिंतीला टेकून बसली होती. कपाळावर टेंगूळ. त्याने खिशातून पेल्याचं चित्र काढून तिच्यापुढे धरलं. तिने त्याच्याकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं आणि दोन्ही हात पाठीमागे लपवले.

"भाऊ, ती कदाचित कधीच बोलणार नाही," तो म्हणाला. "पण मागत होती. तिला मागता येत होतं."

"बोलेल म्हणाला होतात."

"चुकलं माझं."

"तुमचं चुकलं?" रंगाऱ्याचा आवाज चिरकला. "पोरीला मी तहानलेलं ठेवलं, सर. या हातांनी पेला दाखवून मागे घेतला. माझं काय करू, सांगा!"

त्याने पेल्याचं चित्र मुंगीजवळ जमिनीवर ठेवलं. रंगाऱ्याने लेकीला उचलून आतल्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं.

मुंगी परत आली नाही. मोठ्या बाई दोनदा जाऊन आल्या. दुसऱ्या खेपेला शेजाऱ्यांनी सांगितलं, खोली सोडून गेले, कुठे ते ठाऊक नाही.

त्याच्या बायकोने एकदा चाचरत विचारलं, "जुन्या साहेबांचा फोन होता. परत येता का म्हणत होते. काय सांगू?"

"काही सांगू नकोस."

तो रोज शाळेत जातो, पोरांचे बूट काढतो, तोंडं पुसतो. काम चोख करतो, पण वर्गात आता त्याचा आवाज फारसा ऐकू येत नाही. मुंगीच्या खुर्चीवर दुसरं मूल बसतं. पाण्याची वेळ झाली की तो कुणी न मागताच सगळ्यांना पाणी देतो. असं करू नये, मुलांनी मागायची वाट बघायची असते, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. वाट बघणं त्याच्याने होत नाही.