रोझालिंडने शिवलेला किल्ट

लेकीच्या लग्नाच्या दुपारी लायनेल गोलोम्बोक सभागृहामागच्या खोलीत आरशासमोर गिरक्या घेत होता. साठी उलटलेली, गुडघे त्याहून म्हातारे, पण किल्टच्या, म्हणजे त्या स्कॉटिश पुरुषी घागऱ्याच्या, चुण्या फुलल्या की गड्याला राहवत नव्हतं. गडद निळं चौकटीचं कापड, त्यात पांढऱ्या रेघा आणि मधूनच एक लाल वाइनच्या रंगाची. किल्ट शिवला होता त्याच्या बायकोने, रोझालिंडने, काही वर्षं रेंगाळलेल्या शेवटच्या आजारपणात, पलंगावर उशांना टेकून. "तालियाला मांडवात नेशील तेव्हा हाच नेसायचा," असं तिने बजावलं होतं आणि लायनेलने शब्द दिला होता. तेव्हापासून किल्ट डांबराच्या गोळ्यांत आजच्या दिवसाची वाट बघत पडला होता.

"पुरे रे, भोवळ येऊन पडशील," त्याची थोरली बहीण हिल्डा म्हणाली. "आणि आत काही घातलंयस ना?"

"खरा स्कॉटिश माणूस आत काही घालत नाही."

"आणि खरा ज्यू माणूस थोरल्या बहिणीला सरळ उत्तर देतो. घातलंयस का?"

"हिल्डा, आज माझ्या लेकीचं लग्न आहे."

"म्हणूनच विचारतेय, मेल्या!"

तेवढ्यात धर्मगुरू रब्बी लिप्सींबरोबर व्याही आत आले. फायवेल रोकाख, लंडनचे, कडक सोवळ्यातले. लांब काळा कोट, छातीभर दाढी आणि कमरेला प्रार्थनेच्या वेळी बांधायचा काळा रेशमी पट्टा. आठवडाभर लायनेलच्या सगळ्या गिफ्नॉक गावाने या माणसाचा धसका घेतला होता. हेरिंग माशाच्या बशा त्यांच्या भीतीने दोनदा धुतल्या गेल्या होत्या.

"शुद्ध लोकर!" त्यांनी काही विचारायच्या आतच लायनेल गरजला. लोकर आणि लिनन एका वस्त्रात एकत्र आलं की ते अंगावर घालायचं नाही, ही तर तोरा या धर्मग्रंथाची आज्ञा. "आमच्या हिने गिरणीवाल्याला शपथ घालून कापड आणलं. लिननचा धागा सापडला तर नाव बदलीन!"

"फार सुंदर आहे," फायवेल म्हणाले आणि अडखळले. "पण व्याही, तुम्ही वळलात तेव्हा दिसलं. कमरेपाशी शिवण उसवलीय. आतून ते पांढरं काय डोकावतंय?"

रब्बींनी वाकून ते पांढरं चिमटीत धरलं, चोळलं, उजेडात नेलं.

"लिनन," ते हळूच म्हणाले. "लायनेल, हा नेसता येणार नाही रे."

कापडाची वीण न् वीण तपासणाऱ्या रोझालिंडने कंबर ताठ राहावी म्हणून आत काय घातलं, ते कुणी बघितलंच नव्हतं! लायनेल मटकन खुर्चीत बसला. फायवेलांचा चेहरा तर त्याच्याहून उतरला. "मी तोंड उघडायलाच नको होतं," ते पुटपुटले.

"माझी जादा पँट आहे," रब्बी म्हणाले.

"पँट घालू? तिला शब्द दिलाय मी! वर जाऊन काय सांगू, रब्बींची पँट छान बसली म्हणून?"

"ओरडू नकोस," हिल्डा कात्री शोधत म्हणाली. "रब्बी, लिनन काढलं की उरते ती लोकर. बरोबर?"

"सगळं निघालं, तर बरोबर."

"मग लायनेल, सोड तो किल्ट. टेबलावरची चादर गुंडाळ. आणि तुम्ही सगळे भिंतीकडे तोंड करा, मीही करते, मला काही बघायचं नाहीये!"

हिल्डाने कंबरपट्टी टराटरा उसवली. आतून घडी घातलेली एक लांब पांढरी पट्टी निघाली. तिने ती उलगडली आणि अशी किंचाळली की बाहेर बॅगपाइपवाल्याचा सूर चुकला.

"आईचा टेबलक्लॉथ!"

काठाला आईच्याच हातची वेलबुट्टी होती. टोकाला वाइनचा जुना डाग होता. रोझालिंड पहिल्यांदा घरी जेवायला आली, त्या रात्री लायनेलच्या हातून सांडलेल्या वाइनचा. पुढे तो टेबलक्लॉथ एका बाजूने आखूड निघाला आणि आळ आला हिल्डावर, कारण शेवटचा धुवायला तिनेच नेला होता. तिने इस्त्रीने जाळला आणि गुपचूप कापला, असा लायनेलचा निवाडा. तेव्हापासून एकही वल्हांडणाचा सण त्या टोमण्याशिवाय गेला नव्हता.

"आणि ती तुझी रोझालिंड शेजारी बसून मला सूप वाढायची!" हिल्डा थयथयाट करत होती. "'घे हो हिल्डा, मनाला लावून घेऊ नकोस,' म्हणायची! चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही बाईच्या!"

लायनेलला हसू फुटलं. मग हिल्डाला फुटलं. दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत सुटले. लायनेलच्या डोळ्यांतलं पाणी मात्र हसणं थांबल्यावरही थांबेना. मांडवात न्यायला तिने नेमका तो डाग असलेलाच तुकडा निवडला होता.

"नेसायला नाही चालत," फायवेल भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले. "पण लग्नविधीत नवरदेवाने टाचेखाली फोडायचा काचेचा पेला गुंडाळायला हे कापड चालेल."

तसंच झालं. मांडवाखाली नवरदेवाने, रोकाखांच्या आशेरने, तो पांढरा गुंडाळा टाचेखाली चिरडला. सगळे "माझल तोव" अशा शुभेच्छा देत ओरडले, आणि डाग असलेलं टोक बुटाखालून बाहेर आलेलं पाहून लायनेलला वाटलं, आली बरं का ही लग्नाला.

किल्टचं मात्र कठीण होतं. कंबरपट्टीत जीव उरला नव्हता, बक्कलं निघाली होती, सगळा कारभार सेफ्टी पिनांवर. मांडवात जातानाच लेकीचा हात एका हाताने धरून लायनेल दुसऱ्या हाताने स्वतःची अब्रू धरून चालला होता. त्यात नाच सुरू झाला. बाप्यांचा घोळका एकीकडे, पडद्यापलीकडे बायका. आशेरला खुर्चीवर उचलून झालं आणि कुणीतरी ओरडलं, "आता नवरीचा बाप!"

"नको! मला नको!" लायनेल ओरडला. लग्नात असल्या नकाराला कोण भीक घालतो? खुर्ची वर गेली. एक पिन उडाली, टक्‌. दुसरी उडाली. खुर्ची सोडावी तर माणूस पडतो, न सोडावी तर किल्ट! पडद्यावरून हिल्डाचं डोकं वर आलं, म्हणजे तीही खुर्चीवर चढली होती.

"लायनेल! आत घातलंयस ना रे?"

"थांबा!" फायवेल रोकाख कडाडले. "खाली घ्या त्यांना!"

बॅगपाइप बंद पडला. झालं, व्याही रुसले, असं सगळ्यांना वाटलं. फायवेल घोळक्यातून सरळ पुढे आले, त्यांनी आपल्या कमरेचा रेशमी पट्टा सोडला आणि लायनेलच्या कमरेला किल्टवरून वेढे देऊन करकचून गाठ मारली.

"कमरेच्या वरचं आणि खालचं वेगळं राहावं म्हणून आम्ही हा बांधतो," ते धापा टाकत म्हणाले. "पण खालचं सांभाळायची इतकी जबाबदारी त्याच्यावर कधी पडली नव्हती. शुद्ध रेशीम आहे, काळजी नको. घ्या रे वर!"

खुर्ची पुन्हा वर गेली, आणि खालून ती उचलणाऱ्यांत आता सगळ्यात पुढे फायवेलच होते. लायनेलने दोन्ही हात सोडले. चुण्या फुलल्या, पट्टा जागचा हलला नाही.

"नेसलोय गं, रोझालिंड!" तो छताकडे बघून ओरडला. "आणि हिल्डा, टेबलक्लॉथचं माफ कर!"

"आधी खुर्ची धर, गाढवा!" पडद्यावरून हिल्डा रडत-हसत ओरडली.

खाली उतरल्यावर लायनेल पट्टा सोडू लागला, तशी फायवेलांनी त्याच्या हातावर हात ठेवला.

"असू द्या, व्याही. तुम्ही बहिणीला अजून उत्तर दिलेलं नाही."